उजव्या पेडलची वीस वर्षं

ऑगस्ट २०१६ मध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टर स्क्वॉड्रनमधून माझी बदली स्टाफच्या खुर्चीवर झाली. सकाळी मेट ब्रीफिंगला, म्हणजे हवामानाच्या माहितीला, न जाता थेट फायलींसमोर बसायची ही सतरा वर्षांतली पहिलीच वेळ. त्या महिन्यात लॉगबुकात एकही नोंद पडली नाही. महिनाअखेरीला ते कोरं पान उघडून बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की पुढची पानंही बहुतेक अशीच जाणार. हवाई दलात जसजशी बढती मिळते तसतसं उड्डाण कमी होत जातं, हे काही मला नवीन नव्हतं. पण माहीत असणं वेगळं आणि कोरं पान बघणं वेगळं. पेन्शनसाठी लागणारी वीस वर्षं डिसेंबर २०१९ मध्ये भरत होती. म्हणजे हातात सव्वातीन वर्षं होती.

माझे एक जुने फ्लाइट कमांडर तेव्हा बाहेर पडून मुंबईहून ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर, उडत होते. त्यांना फोन केला. वाटलं होतं, ते कंपन्यांबद्दल, पगाराबद्दल बोलतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लॉगबुकं कुठायत तुझी? सगळी, अकॅडमीपासूनची?"

"आहेत सर, ट्रंकेत."

"मग आज काढ. क्रॉस-कंट्री वेगळी कर, पीआयसी वेगळं कर. बेरजा जुळल्या की मला फोन कर. त्याआधी करू नकोस."

मला हे काम आठवडाभराचं वाटलं. त्याला पाच महिने लागले.

हे नीट सांगतो, कारण माझ्यासारख्या हवाई दलातल्या किंवा आर्मी एव्हिएशनमधल्या वैमानिकाची खरी अडचण इथेच असते. आपलं लॉगबुक आपल्या कामासाठी लिहिलेलं असतं. दिवस-रात्र, ड्युअल, फर्स्ट पायलट, सेकंड पायलट आणि शेवटी 'ड्यूटी'. त्या ड्यूटीच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'एअर मेंटेनन्स' (ठाण्यांना रसद), 'कॅज-इव्हॅक' (जखमींना हलवणं) एवढंच लिहीत आलो. कुठून कुठे गेलो हे बऱ्याच ठिकाणी नाहीच. नागरी परवान्यासाठी मात्र पायलट-इन-कमांड (पीआयसी) किती, देखरेखीखाली केलेलं कमांड किती, एका जागेहून दुसऱ्या जागी केलेलं उड्डाण (क्रॉस-कंट्री) किती, रात्रीचं किती आणि फक्त उपकरणांवर किती, हे सगळं वेगवेगळं मांडून, सही-शिक्क्यानिशी दाखवावं लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेचं, माझं सर्वोच्च 'मास्टर ग्रीन' कार्ड मी बारा वर्षं अभिमानाने खिशात बाळगलं. नागरी अर्जात त्या रंगाला रकानाच नाही. तिथे तास आणि मिनिटं लागतात.

मग रोज रात्री जेवणानंतर टेबलावर लॉगबुक, पट्टी आणि पेन्सिल. ज्या नोंदींत ठिकाणं नव्हती, त्यांच्यासाठी जुन्या डायऱ्या आणि कोर्समेटांची आठवण कामाला लावली. एकेका नोंदीसाठी एकेक फोन. "२००७, नोव्हेंबर, आपण दोघं होतो, त्या दिवशी कुठे उतरलो होतो रे?" असे कितीतरी.

जून २०१३ च्या पानांवर दोन रात्री गेल्या. उत्तराखंडचा पूर. आमची एमआय-१७ हेलिकॉप्टरं गौचरहून वर-खाली करत होती. एकेका दिवसात इतकी लँडिंगं, की हाताचे स्नायू रात्रीही आखडलेले असायचे. त्याच मोहिमेत २५ जूनला गौरीकुंडाजवळ आमच्या दलाचं एक एमआय-१७ व्ही-५ कोसळलं आणि त्यातले वीसही जण गेले. दुसऱ्या दिवशीही आम्ही त्याच खोऱ्यात उडत होतो. आयुष्यात मी त्याहून मोलाचं उड्डाण केलेलं नाही. पण त्या खोऱ्यातल्या आखूड फेऱ्या क्रॉस-कंट्रीत धरता येत नाहीत, म्हणून त्या पानांसमोर मी पेन्सिलीने शून्य लिहिलं. कितीतरी वेळ पेन्सिल हातातच राहिली होती.

बेरीज शेवटी एक तास दहा मिनिटांनी चुकत होती. मे २००८ मध्ये मीच पुढच्या पानावर आकडा चुकीचा ओढला होता आणि ती चूक आठ वर्षं प्रत्येक महिन्याच्या बेरजेत खाली उतरत आली होती. नोकरीत असल्यामुळे ती रीतसर दुरुस्त करून सह्या घेता आल्या. बाहेर पडल्यावर त्या सह्यांसाठी मी कुणाच्या दारात उभा राहिलो असतो? ज्यांच्या सह्या लागतात ते बदलून जातात, निवृत्त होतात, स्क्वॉड्रनं जागा बदलतात. म्हणून सांगतो, गणवेश अंगावर आहे तोवर लॉगबुक जुळवा. बाकी सगळं एकवेळ नंतर होतं, हे होत नाही.

आता विमान की हेलिकॉप्टर, हा प्रश्न. माझ्याबरोबरचे ट्रान्सपोर्टवाले, एएन-३२ मालवाहू विमानं उडवणारे, एअरलाइनकडे सरळ जात होते. त्यांचे तास विमानाचेच. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन वैमानिकाच्या परवान्याला, लागणारे १५०० तास त्यांनी कधीच पार केले होते. आम्हा हेलिकॉप्टरवाल्यांचं तसं नसतं. माझ्याकडे विमानाचे तास म्हणजे अकॅडमीतले एचपीटी-३२ या प्रशिक्षण विमानावरचे, तेही मोजके. एअरलाइनमध्ये जायचं तर विमानाचे तास नव्याने जमवायचे, विमानाचा सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना, काढायचा, मग टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची पात्रता. सगळा खर्च पदरचा, आणि त्यानंतर बेचाळीस-त्रेचाळीसाव्या वर्षी एअरलाइनच्या ज्येष्ठता यादीत अगदी तळाशी नाव. तिथे ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. बेस, रोस्टर, कमांड, सगळं त्या यादीवर ठरतं. वयाच्या ६५ पर्यंत उडता येतं, म्हणजे हिशेब अगदीच तोट्याचा नव्हता. काहींनी तो मार्ग धरला आणि ते आज सुखात आहेत.

बायको दोन दिवस माझे आकड्यांचे कागद बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, तू पैशांचं मांडलंयस ते कळलं. पण तुला उडवायचंय काय, ते कुठे लिहिलंयस?" मी हेलिकॉप्टर लिहिलं. पुन्हा त्यावर विचार केला नाही.

पहिलं पाऊल मेडिकलचं टाकलं आणि आजही मी प्रत्येकाला तेच सांगतो. आपली सर्व्हिसची ए१जी१ ही वैद्यकीय कॅटेगरी वेगळी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, क्लास वन वेगळं. आधी क्लास टू, मग क्लास वन. एमआय-१७ च्या दोन इंजिनांखाली इतकी वर्षं काढल्यावर कान कसे राहिले असतील, याची मला धास्ती होती. ऑडिओमेट्रीच्या त्या छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलो. वरच्या पट्टीचे आवाज येत होते की मीच ते कल्पत होतो, हे सांगता येईना. बटण दाबताना अंगठा घामाने घसरत होता. वरच्या आवाजांत थोडी घसरण निघाली, पण मर्यादेत. हे आधी झालं म्हणून पुढचं सगळं निर्धास्तपणे करता आलं. राजीनामा देऊन झाल्यावर 'तात्पुरते अपात्र' असा शेरा हातात पडलेला एक मित्र मी पाहिलाय. त्याचे ते सहा महिने फार वाईट गेले.

नागरी परवान्याच्या परीक्षांना बसायची परवानगी रीतसर घेतली. एअर रेग्युलेशन्स, नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, टेक्निकल. प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. इतकी वर्षं उडवलंय, हे तर येतंच, अशी आपली समजूत असते. ती पहिल्या सराव पेपरातच उतरली. हवामानशास्त्राचं पुस्तक वाचताना मात्र मला खरा आनंद झाला. दुपार चढली की खोऱ्यातून वर सुटणारं वारं मी कलेक्टिव्हवरच्या, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली करणाऱ्या दांड्यावरच्या, हाताने ओळखत होतो. त्याला 'अॅनाबॅटिक' म्हणतात आणि उन्हाने तापलेल्या उतारामुळे ते सुटतं, हे पुस्तकाने सांगितलं. डोंगरातलं काम दुपारच्या आत उरकायची शिस्त आम्हाला सीनियरांनी लावली होती. कारण इतक्या वर्षांनी वाचायला मिळालं.

नॅव्हिगेशनला वेळ लागला. माझं डोकं किलोमीटरात चालायचं. जुन्या एमआय-१७ चा वेगदर्शक किलोमीटर प्रतितासात, नकाशावरचा अंदाज किलोमीटरात, इंधनाचा हिशेबही त्यावरच. पेपरात सगळं नॉट आणि नॉटिकल मैल. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, हे गणित येणं वेगळं आणि आकडा ऐकताच अंतर डोळ्यांसमोर उभं राहणं वेगळं. गाडी चालवतानासुद्धा मी मैलांचे दगड मनात नॉटिकल मैलांत फिरवत असे.

रेडिओच्या परीक्षेत, म्हणजे आरटीआरमध्ये, मी पहिल्या खेपेला नापास झालो. तेव्हा ती दूरसंचार विभाग घ्यायचा, वर्षातून मोजक्याच वेळा आणि मोजक्याच शहरांत. (आता १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने हे काम डीजीसीएकडे आलंय.) कागदावर एक मार्ग देतात, आपण विमानात आहोत असं धरून सगळे संदेश बोलायचे. टॅक्सीपासून शेवटपर्यंत, मध्ये एखादा बिघाड, एखादं वळवलेलं उड्डाण. माझं बोलणं लष्करी, तोकडं. आमच्यात समोरच्याला अर्ध्या वाक्यात कळतं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही क्लिअरन्स परत वाचून दाखवला नाहीत. कंट्रोलरला कसं कळणार की तुम्ही बरोबर ऐकलंय?" उत्तर नव्हतं. ते बरोबरच होतं. पुढच्या तारखेची चार महिने वाट पाहिली. त्या चार महिन्यांत रोज सकाळी मुलगी शाळेच्या बसची वाट बघताना कंट्रोलर व्हायची आणि मी तिला प्रत्येक सूचना शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचो. ती अकरा वर्षांची होती. कुठे शब्द गळला तर ती सोडायची नाही.

परवाना हातात आला तेव्हा २०१९ चा मार्च होता. मग मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज, मंजुरी, आणि जानेवारी २०२० मध्ये मी मोकळा झालो. बरोबरीचे काही जण पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेतून आयआयएमच्या २४ आठवड्यांच्या कोर्सला गेले होते. मला एका ऑफशोअर कंपनीचं पत्र होतं. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं.

२५ मार्चला देशातली प्रवासी विमानं जमिनीवर आली. ती दोन महिन्यांनी, २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. माझ्या पत्रावरची तारीख आधी जूनवर गेली, मग 'पुढे कळवू' वर. सव्वातीन वर्षांच्या आखणीत याला जागा नव्हती, कुणाच्याच नसेल. पण एक गोष्ट आम्ही केली होती. ग्रॅच्युइटीतून वर्षभराचा घरखर्च बाजूला काढला होता आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. त्याच्यावर आणि पेन्शनवर ते महिने निघाले. मी रोज सकाळी दोन तास कंपनीच्या बेल ४१२ हेलिकॉप्टरचं मॅन्युअल वाचायचो. त्याखेरीज हातात काही नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये बोलावणं आलं.

टाइप रेटिंगची ग्राउंड क्लास, बंगळुरूचा सिम्युलेटर, हे सगळं ठीक पार पडलं. खरी गोष्ट पहिल्यांदा मशीन उचललं तेव्हाची आहे. एमआय-१७ चा मुख्य रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. चेतक या हलक्या हेलिकॉप्टरचाही तसाच. म्हणून कलेक्टिव्ह वर घेतलं की नाक डावीकडे जातं आणि ते सरळ ठेवायला आपण पायाने उजवं पेडल देतो. मी हे वीस वर्षं केलं. विचार करून नाही, श्वास घ्यावा तसं. बेल ४१२ चा रोटर उलटा फिरतो. कलेक्टिव्ह वर घेतलं की नाक उजवीकडे जातं, द्यायचं डावं पेडल. हे मला पाठ होतं. सिम्युलेटरमध्ये जमलंही होतं. पण त्या सकाळी खरं वजन दांड्यावर आलं, चाकं-स्किड यांचा फरक, शेजारच्या गवताची सळसळ, आणि माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला. नाक उजवीकडे फिरायला लागलंच होतं, ते दुपटीने फिरलं. इन्स्ट्रक्टरने आवाज न चढवता म्हटलं, "डावा पाय." आणि मशीन खाली ठेवलं.

पुढचा आठवडाभर मी घरी खुर्चीवर बसून डोळे मिटून डावा हात वर उचलायचो आणि त्याबरोबर डावा पाय दाबायचो. शंभर वेळा सकाळी, शंभर वेळा रात्री. साध्या हॉव्हरमध्ये, म्हणजे एका जागी तरंगताना, पाय लवकर वळला. पण वाऱ्याचा झोत अचानक आला, किंवा लक्ष दुसरीकडे असलं, की जुनी सवय उसळी मारायची. तीसएक तास झाल्यावर कुठे माझा माझ्या पायावर विश्वास बसला. अनुभव जितका जास्त तितकी ही सवय खोल, म्हणून अनुभवी माणसाने इथे जास्त वेळ मागून घ्यावा. मागायला मला आधी संकोच वाटला. नंतर वाटला नाही.

वेगाचं मात्र गंमतशीर होतं. एमआय-१७ ला मी २२० किलोमीटरला न्यायचो, बेल १२० नॉटला. हिशेब केला तर दोन्ही जवळजवळ सारखंच.

समुद्रावर उडण्याआधी पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षण असतं, एचयूईटी. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा पिंजरा, त्यात पट्टे बांधून बसवतात, तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा बक्कलवर. सगळं फिरून थांबेपर्यंत हलायचं नाही. आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर अंग तरंगतं आणि खिडकी ढकलायला जोरच मिळत नाही. नाकात पाणी, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही, आणि हातातली ती चौकट तेवढी खरी. मी डोंगरातला माणूस. पहिल्यांदा वर आलो तेव्हा काठ धरून बराच वेळ काही बोललो नाही.

जुहूहून उडायला लागलो, सहवैमानिक म्हणून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीची टपाल घेऊन जिथे उतरले, तेच जुहू. एमआय-१७ मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो. बेलमध्ये कॅप्टन उजवीकडे आणि सहवैमानिक डावीकडे. म्हणजे मी माझ्या जुन्याच बाजूला बसत होतो, फक्त कॅप्टन नव्हतो. माझा पहिला कॅप्टन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तोही लष्करातूनच आलेला. पहिल्या दिवशी तो मला 'सर' म्हणाला. मी त्याला म्हटलं, "इथे नको. तुला मला थांबवायचं असेल तेव्हा तो 'सर' तुझ्या जिभेवर आडवा येईल." त्यानंतर आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतो. माझी विंग कमांडरची पाटी घरात आहे, कॉकपिटमध्ये तिचं काम नाही, हे मला त्या दिवशीच पटलं होतं. जे पटवून घेत नाहीत, त्यांना हे काम फार जड जातं.

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याची पी-३०५ नावाची बार्ज नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. मी घरी होतो. वाऱ्याने खिडक्या वाजत होत्या. आम्हाला उडायची परवानगी नव्हती आणि नसणं योग्यच होतं. आमची मशीनं प्रवासी नेण्याची, आमच्या मर्यादा लिहिलेल्या. नौदलाच्या कोची आणि कोलकाता या युद्धनौका त्या लाटांत लोकांना उचलत होत्या, पुढे नौदलाची हेलिकॉप्टरंही गेली. मी टीव्हीसमोर उभा होतो. बसवत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी असा हवामानाचा निरोप आला की आम्ही बॅग उचलायचो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आवाज कमी केला.

त्या रात्री मला कळलं की मी खरंच बाहेर पडलोय. निवृत्तीच्या दिवशी कळलं नव्हतं, परवान्याच्या दिवशीही नाही.

काही आठवड्यांनी पावसाळ्यात एका सकाळी कॅप्टनने मला विचारलं, "काय वाटतं?" तेलाच्या फलाटावरचा आमचा उतरायचा डेक चार मैलांवर, दृश्यता किमान मर्यादेच्या काठावर, खाली कामावरून सुटलेली माणसं घरी जायला तयार. लष्करात मी म्हटलं असतं, बघूया जाऊन. तिथे तसं म्हणणं हेच कर्तव्य होतं, कारण खाली कुणीतरी मरत असायचं. इथे कुणी मरत नव्हतं. उशीर होणार होता, एवढंच. "परतूया," मी म्हटलं. तो म्हणाला, "मीही तेच म्हणत होतो." आम्ही जुहूला आलो. डेकवरून निरोप आला, लोक नाराज आहेत. दुपारी हवा उघडली तेव्हा त्यांना घेऊन आलो.

कमांड मला त्यानंतर दीड वर्षाने मिळाली. आता उजवीकडे बसतो.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या स्क्वॉड्रनमधल्या एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणतोय खरा, पण अडतिसाचा झालाय. त्याची स्टाफला बदली झालीय. त्याने कंपन्यांबद्दल विचारलं, पगाराबद्दल विचारलं. मी विचारलं, "लॉगबुकं कुठायत?" तेव्हापासून दर रविवारी रात्री तो तिकडे लॉगबुक उघडतो, मी इकडे फोन स्पीकरवर ठेवून कागद घेऊन बसतो. ज्या उड्डाणांत आम्ही दोघं एकत्र होतो तिथली ठिकाणं मी सांगतो. आम्ही मार्च २०११ पर्यंत पोचलोय.